कडुलिंबाच्या गळ्याशी सिमेंट

आज सकाळी सोसायटीच्या गेटपाशी पाय थबकले. तिथल्या जुन्या कडुलिंबाला पार बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक भिडवलेत आणि उरलेल्या फटीत सिमेंट. घोटून अगदी गुळगुळीत! तासाभरात त्याच सोसायटीच्या ग्रुपवर ठराव: लॉबीत 'ऑक्सिजन देणाऱ्या' स्नेक प्लांटच्या बारा कुंड्या ठेवायच्या. वा.

स्नेक प्लांटवर राग नाही. बिचारा कमी पाण्यात कोपऱ्यात जगतो. पण रात्री तो कार्बन डायऑक्साइड घेतो, ऑक्सिजन बनतो उजेडातच. बारा कुंड्यांनी लॉबीची हवा बदलत नाही. त्यापेक्षा खिडकी उघडा.

आणि गेटवरचा कडुलिंब? फाल्गुनाच्या सुमारास पानं गाळतो, चैत्रात पालवतो आणि बडोद्यात पारा ४२-४३ वर टेकतो तोवर त्याचं छत तयार असतं. नुसती सावलीच नव्हे. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन उडतं, त्यात उष्णता खर्च होते. माठ गार होतो तसंच. इस्त्रीवाला आणि रिक्षावाले उगाच तिथे बसत नाहीत. आपण मात्र माठाच्या तोंडालाच सिमेंट लावलं!

पाणी पिणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, त्यांना हवाही लागते. त्यात बुंध्याचा जमिनीलगतचा भाग सिमेंटखाली दमट राहिला की साल कुजते, बुरशी शिरते. वरून काही कळत नाही. काही वर्षांनी शेंडे वाळतात, मग मृगाच्या तोंडावरच्या वादळात झाड आडवं. तेव्हा आपणच म्हणणार, पोकळ होतं हो.

पाला पडतो, गटार तुंबतं, मुळं फरशी उचलतात. मान्य. म्हणून गळा आवळायचा? पाडव्याला याच झाडाचे डहाळे गुढीला बांधले ना? वडाच्या नावाचं आपलं गाव, आणि वटपौर्णिमेला आपण वडाच्या तोडलेल्या फांद्या विकत आणून पुजतो. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी शहराला कमाटीबाग दिली, आपल्याला गेटवरचं एक झाड सांभाळवत नाही.

जाऊ दे. ठेकेदाराला बहुधा कुणी सांगितलंच नसेल. ब्लॉक कालच बसलेत, अजून सगळं निघतं. बुंध्यापासून चारी बाजूंना एक मीटर मोकळं करायचं. दिल्लीत हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये एवढ्याच अंतराचा आदेश दिला होता. ब्लॉक पहारीनं अलगद उचलायचे. खालची कच खुरप्यानं काढायची, कुदळ नको, मुळं तुटतात. मग माती आणि कुजलेलं खत निम्मं-निम्मं, पण पातळी पूर्वीचीच. बुंध्यावर ढीग केला की पुन्हा तेच कुजणं. वर तीन-चार इंच वाळका पाला (घ्या, पाल्याचीही सोय झाली), खोडापासून चार बोटं लांब. पाऊस लागेपर्यंत दर दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी पाणी, खोडाला चिकटून नाही, आळ्याच्या कडेनं, सावकाश.

रविवारी सकाळी सात वाजता या. छिन्नी-हातोडा आणा. ड्रिल मशीन कुणी आणू नका, सिमेंटच्या खाली लगेच साल आहे.