खोली 8,000 ची, कात्री 60,000 ची

महिना झाला तरी डोकं शांत होत नाही. चवथीच्या आठवडाभर आधी आई अंगणात शेवाळावरून घसरली, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून रॉड घातला, चार दिवसांनी सुट्टी मिळाली. आरोग्य विम्याची पॉलिसी 5 लाखांची, बिल 2,20,000. सगळं त्यात बसणार म्हणून आम्ही निर्धास्त. डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर सांगितलं, 60,000 तुम्ही भरा.

का? तर पॉलिसीत खोलीभाड्याला रोज विमा रकमेच्या 1 टक्क्याची मर्यादा, म्हणजे 5,000. आमची खोली 8,000 ची, कारण त्या रात्री दुसरी रिकामीच नव्हती. बरं, रोजचे 3,000 जास्त, चार दिवसांचे 12,000. ते आमच्या खिशातून, मान्य. पण हिशेब तसा होतच नाही! 8,000 पैकी 5,000 म्हणजे साडेबासष्ट टक्के. मग खोली, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून जे 1,60,000 झाले, त्या सगळ्याचे साडेबासष्ट टक्केच मंजूर. एक लाख. औषधं आणि रॉडचे 60,000 तेवढे पूर्ण दिले, कारण त्यांना ही कात्री लावायला नियमानेच बंदी आहे. याचं नाव प्रपोर्शनेट डिडक्शन. नऊ वर्षं हप्ते भरतोय, आणि हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तो आईची व्हीलचेअर धरून काउंटरपाशी उभा असताना!

एजंट गावचाच. दर वर्षी घरी येतो, चहा घेतो, "दादा, काळजी करू नका, सगळं कॅशलेस आहे" म्हणतो. अरे, कॅशलेस म्हणजे कंपनी पैसे थेट हॉस्पिटलला देते. किती देते, ते कोण सांगणार? को-पे म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपला ठरलेला वाटा, सब-लिमिट म्हणजे मोतीबिंदूसारख्या एखाद्या उपचाराला वेगळी मर्यादा. दोन वाक्यांचं काम. नऊ वर्षांत तेवढा वेळ मिळाला नाही?

आणि कागद! पॉलिसीबरोबर सोप्या शब्दांत ग्राहक माहिती पत्रक द्यायचं, मागितल्यास स्थानिक भाषेत द्यायचं, असं विमा नियामक आयआरडीएआय सांगते. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीलाही सरकारी कामात जागा आहे. आमच्या घरी आलं ते बारीक इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक. आई मराठी शाळेत शिकलेली. तिच्याच नावाच्या पॉलिसीत तिला वाचता येईल अशी एक ओळ नाही. मराठीत मागता येतं, हे तरी कोणी सांगितलं का?

आता रात्री जागून नियम वाचले तेव्हा आणखी एक कळलं. हॉस्पिटल जर खोलीप्रमाणे सर्जनची फी, थिएटरचं शुल्क बदलत नसेल, सगळ्यांना एकच दर लावत असेल, तर कंपनीला ही कात्री लावताच येत नाही. 2020 पासून हा नियम आहे. काउंटरवर कोणी बोललं नाही, कंपनीच्या फोनवर कोणी बोललं नाही. मी हॉस्पिटलकडे लेखी दरपत्रक मागितलंय. दर एकच निघाले तर 12,000 सोडून बाकीचे 48,000 परत मागणार. कंपनीला पत्र गेलंय. महिनाभरात नीट उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार. गोव्यासाठी त्याची कचेरी पुण्याला आहे, असू दे. एक पैसाही सोडणार नाही.