ग्लास वूल ठासून भरू नका, ऊब धाग्यात नसते

घराच्या छतात, भिंतींत उष्णता अडवण्यासाठी भरायच्या ग्लास वूलबद्दल, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंच्या गादीबद्दल, एक संदेश बराच फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: ऊब धाग्यातच असते, म्हणून पोकळीत जितकी ठासून भराल तितकी चांगली, थोडी भिजली तरी बिघडत नाही, आणि ग्लास वूल म्हणजे नाव बदललेलं ॲस्बेस्टॉसच. यावर विसंबून कुणी छताचं काम केलं तर पैसा आणि मेहनत दोन्ही पाण्यात जातील. म्हणून एकेक दावा तपासू.

ऊब धाग्यातच असते? बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उघडा ठेवा, दुसरा लोकरीच्या शालीत गुंडाळा. लोकरीत ऊब असती तर शालीतला आधी वितळला असता. प्रत्यक्षात तो जास्त टिकतो. लोकर उष्णतेची ये-जा मंद करते, मग ती आतून बाहेर असो की बाहेरून आत. (कोरडी लोकर हवेतली वाफ शोषते तेव्हा थोडी उष्णता खरोखर बाहेर पडते, हे मान्य. पण शोषण थांबलं की तीही थांबते.)

ग्लास वूलचंही तेच. वाळू, सोडा ॲश, चुनखडी आणि काचेचा चुरा सुमारे १४०० अंश सेल्सिअसला वितळवतात. तो रस गरगर फिरणाऱ्या भांड्याच्या हजारो बारीक भोकांतून बाहेर फेकला जातो आणि गरम वायूचे झोत त्याला ताणून काही मायक्रॉन जाडीचे तंतू करतात. त्यांवर रेझिन (तंतू चिकटवणारा राळेसारखा पदार्थ) फवारून भट्टीत पक्की गादी करतात. अशी गादी घनमीटरला २५ किलो भरली, तर त्यात काच किती? अखंड काच घनमीटरला सुमारे २५०० किलो भरते. म्हणजे शंभरात एक भाग काच, बाकी हवा! उष्णतावाहकताही तेच सांगते: काचेची सुमारे १ वॅट प्रति मीटर केल्विन, स्थिर हवेची ०.०२६, ग्लास वूलची ०.०३५ ते ०.०४०. उष्णता अडवते ती हवा. तंतू त्या हवेला हलू देत नाहीत आणि उष्णतेचं प्रारणही बरंचसं अडवतात. नुसता धागा असून भागत नाही. पिच या डांबरासारख्या पदार्थापासून बनवलेले काही कार्बन तंतू तर लांबीच्या दिशेने तांब्याहूनही जास्त उष्णता वाहून नेतात.

ठासून भरणं हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. उष्णतेला होणारा विरोध म्हणजे जाडी भागिले वाहकता. १०० मिलिमीटरची गादी, वाहकता ०.०४०: विरोध २.५. तीच दाबून ५० मिलिमीटरच्या फटीत बसवली आणि दाबल्यामुळे वाहकता ०.०३५ पर्यंत उतरली असं धरलं, तरी विरोध १.४ च्या आसपास. माल तेवढाच, फायदा जवळजवळ निम्मा. दाबल्याने वाहकता थोडी घटते हे खरं, पण गेलेली जाडी त्यातून भरून निघत नाही. शिवाय फार दाबलं की तंतू एकमेकांना टेकतात आणि उष्णतेला काचेतूनच वाट मिळते. पोकळी जेवढी खोल, तेवढ्याच जाडीची गादी घ्यावी आणि ती फुगलेलीच ठेवावी.

भिजण्याबद्दल एकच आकडा पुरे. पाण्याची वाहकता ०.६, स्थिर हवेच्या वीसपट. हवेच्या जागी पाणी आलं की रोधकपणा गेला.

राहिलं ॲस्बेस्टॉस. ते खाणीतून निघणारं खनिज आहे. त्याचा तंतू उभा चिरत जाऊन आणखी बारीक होतो आणि फुप्फुसात वर्षानुवर्षं राहतो. काचेचा तंतू आडवा तुटतो, आखूड होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात ठेवलं आहे. रोधनासाठीची ग्लास वूल २००१ च्या फेरतपासणीत तिसऱ्या गटात गेली, म्हणजे माणसात कर्करोगकारक ठरवता न येणारी. भट्ट्यांच्या अस्तराचे सिरॅमिक तंतू मात्र 'शक्यता आहे' अशा गटात आहेत, त्यांची गल्लत करू नये. ग्लास वूलने अंगाला खाज सुटते, ती तंतू टोचल्यामुळे. काम करताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेतच.