पन्नाशीतले मोकळे तास

सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत आणि दुकानं-कार्यालयांतला 9 वरून 10 तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली, तेव्हा आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा वाद पेटला. त्याआधी आठवड्याला 70 तास काम करा हा नारायण मूर्तींचा सल्ला (2023) आणि रविवारसकट 90 तास करा हा एल अँड टीच्या अध्यक्षांचा (2025) यांवर भांडून झालं होतं. आम्ही सगळे आता पन्नाशीच्या आसपास. निम्मे म्हणतात, देश असाच पुढे जातो. बाकीचे थकलेत. "तू स्टुटगार्टात बसून बोलतोस, तुझं काय जातंय?" हे मला हमखास ऐकावं लागतं.

इथे जर्मनीत कायदा दिवसाला 8 तासांचा, फार तर 10. काम संपल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत सलग 11 तास विश्रांती सक्तीची. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट उरलेल्या तासांत आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी पन्नाशी ओलांडलेला, ऑफिसजवळच्याच एका गावात राहतो. मोठी शहरं सोडली तर इथे आग विझवायला गावकरीच धावतात. देशभरात असे सुमारे 10 लाख स्वयंसेवक आहेत. त्याच्या कमरेला पेजर असतो. मीटिंगमध्ये तो वाजला की हा अर्धं वाक्य टाकून उठतो आणि साहेबही हूं की चूं करत नाहीत, कारण त्याला जाऊ देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. एकदा दुपारी परतला तेव्हा अंगाला धुराचा वास, नखांत काजळी. गोठ्यातल्या गाई बाहेर काढून आला होता. हात धुतले आणि राहिलेलं ड्रॉइंग पुढे घेतलं.

बढती त्याला कित्येक वर्षांत मिळालेली नाही. तरी "आयुष्य असंच गेलं" हा सूर मी त्याच्या तोंडून ऐकलेला नाही. पुण्यातल्या माझ्या हुशार, भरपूर कमावणाऱ्या मित्रांकडून तो वरचेवर ऐकतो. बढत्या थांबतात, मुलं घराबाहेर पडतात, आणि ज्याच्याकडे ऑफिसशिवाय काहीच नाही तो उघडा पडतो.

मोकळा वेळ मिळाला म्हणजे सगळं मिळालं, असं मात्र नाही. ज्याला माणसं नाहीत त्याला इथला दुकानं बंद असलेला रविवार खायला उठतो. इथल्या आम्हा भारतीयांच्या कितीतरी घरांत तो फोनवरच संपतो. आणि चार दिवसांच्या आठवड्याने समृद्धी टिकणार नाही, असं इथले चॅन्सेलर मेर्त्सही बजावतात.

पण माणसं जोडायच्या जागा आपल्याकडे होत्याच. राज्य नाट्य स्पर्धेतली हौशी मंडळी आठवा: बँकेतले, पोस्टातले, महापालिकेतले कारकून. ऑफिस ठरल्या वेळी सुटायचं म्हणून संध्याकाळी तालमी व्हायच्या. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 पासूनची. आज तिथे पुढच्या रांगांत पांढरे केस दिसतात आणि पंचेचाळिशीचा माणूस त्या वेळी हिंजवडीच्या वाहतुकीत अडकलेला असतो. त्याला आळशी किंवा अरसिक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

रविवारची सुट्टीसुद्धा आपल्या माणसांनी झगडून मिळवलीय. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना ती 1890 मध्ये मिळाली. रविवार खंडोबाचा वार आणि समाजाच्या कामाचाही, अशी त्यांची भूमिका असल्याचं सांगतात. ती मला आज फार जवळची वाटते.

जादा तासांचे जादा पैसे मिळतील, असं नव्या बदलाचे समर्थक म्हणतात. मिळोत. पण 12 तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचे दोन-तीन तास धरले, तर तालमीला, वाचनालयाच्या बैठकीला, वस्तीतल्या पोरांना गणित शिकवायला माणूस येणार कुठून? ग्रुपवरच्या वादात हे कोणीच विचारलेलं नाही. विधिमंडळात तरी कोणी विचारावं.