प्रश्नोत्तरांची वही आणि न सांगितलेला कोल्हा

प्रश्नोत्तरांच्या वहीवर माझा जुना राग आहे. आज तो इथे सविस्तर काढते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक उतारा वाचा.

‘चिमकुल्या भोंडराने सांजवेळी फटुळी दामकली. फटुळी दामकल्यामुळे भोंडराची आई फार खुरमटली.’

आता खालील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा. भोंडराने काय दामकले? केव्हा दामकले? भोंडराची आई का खुरमटली?

तिन्ही उत्तरं तुम्हाला आली. अगदी ‘का’चंसुद्धा आलं. पैकीच्या पैकी मार्क. आणि भोंडर म्हणजे प्राणी, पोरगा की भुताचा प्रकार, हे तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही, कारण हा उतारा मी आत्ताच बसल्या जागी रचलाय. मी गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते; आमची मुलं पहिलीपासून चौथीपर्यंत हेच करतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, त्याच्या मागचंपुढचं वाक्य उचलायचं आणि वहीत उतरवायचं. काही धड्यांवर तर बाईंनीच पेन्सिलीने कंस करून दिलेले असतात: इथून इथपर्यंत पहिलं उत्तर. मग वही तपासली जाते, लाल टिक पडते, पालक खूष, तपासणीला आलेले साहेबही खूष.

यात मराठीची एक गंमत आहे. आपली लिपी इतकी सरळ की मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं एकदा बसली की पोर वर्तमानपत्राचा अग्रलेखसुद्धा खणखणीत वाचून दाखवतं. इंग्रजीत स्पेलिंगशी झटापट चाललेली दिसते तरी. आपल्याकडे घडाघडा वाचन ऐकलं की समजलंच असणार, असं धरून चालतो आपण. ‘आमचा बाबू दुसरीत आहे पण पेपर वाचतो’ असं सांगणाऱ्या पालकांना मी हळूच विचारते, ‘वाचून झाल्यावर तो काय म्हणतो?’ बहुतेक वेळा तो काहीच म्हणत नाही. पेपर खाली ठेवतो आणि खेळायला जातो.

गफ आणि टनमर या दोघा संशोधकांनी 1986 साली वाचनाचं एक साधं समीकरण मांडलं होतं: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली की सगळंच शून्य. आम्ही पहिल्या बाजूला जीव तोडून शिकवतो आणि दुसरी आपोआप येईल म्हणून सोडून देतो. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचं उद्दिष्टच बघा. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत, समजून वाचावेत, असं त्यात लिहिलंय. वर्गात पोचेपर्यंत त्यातलं ‘समजून’ गळतं आणि स्टॉपवॉच तेवढं उरतं.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. डोलोरेस डर्किन या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या दशकात चौथीच्या वर्गांत बसून वाचनाचे तास पाहिले. एकूण 4,469 मिनिटं. त्यात समजून कसं घ्यायचं हे प्रत्यक्ष शिकवलं गेलं होतं 20 मिनिटं. उरलेल्या वेळात काय? सूचना, स्वाध्याय आणि प्रश्न. समजलं की नाही हे तपासायचं भरपूर, शिकवायचं जवळपास नाहीच.

मग शिकवायचं कसं? माझं उत्तर आहे, चित्रांचं पुस्तक. ‘ते तर बालवाडीचं’ असं म्हणून चौथीच्या मुलांसमोरून उचलून ठेवतात, तेच.

चांगल्या चित्रपुस्तकात शब्द एक सांगतात आणि चित्र त्याहून जास्त, कधी तर भलतंच सांगतं. मधली जागा वाचणाऱ्याने भरायची. पॅट हचिन्स या लेखिकेचं ‘रोझीज वॉक’ हे 1968चं इंग्रजी पुस्तक घ्या. सगळे मिळून 32 शब्द. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते. अंगण, तळं, गवताची गंजी, गिरण, कुंपण, मधमाश्यांच्या पेट्या असं करत जेवणाच्या वेळेला घरी परत येते. शब्दांत एवढंच. चित्रात मात्र पहिल्यापासून तिच्या मागे एक कोल्हा आहे, दर पानावर झडप घालतोय आणि दर वेळी फजीत होतोय. पूर्ण पुस्तकात ‘कोल्हा’ हा शब्द एकदाही येत नाही.

मी मजकूर मराठीत सांगते, अगदी शांत, सपाट आवाजात. ‘रोझी कोंबडी फिरायला निघाली.’ आणि गप्प बसते. मला काही करावंच लागत नाही. ‘टीचर, कोलो!’ असा जो गलका होतो, तो धडा सुरू झाल्याचा. मी मुद्दाम म्हणते, ‘कुठाय कोल्हा? पुस्तकात तर लिहिलेलं नाही.’ मुलं चिडतात. लिहिलेलं नाही म्हणून काय झालं, दिसतोय ना! न लिहिलेलंही वाचायचं असतं, हे मी फळ्यावर लिहून शिकवलं असतं तर कुणाच्या लक्षात राहिलं असतं?

पुढच्या पानावर जमिनीवर एक दाताळं पडलंय, दात वर करून. कोल्हा झेपावलाय. इथे पान उलटायचं नाही. हा माझा हट्ट आहे. पान धरून ठेवायचं आणि विचारायचं, ‘आता काय होईल?’ ज्यांच्या घरी परसात दाताळं असतं ती पोरं लगेच नाकावर हात ठेवतात. दातांवर पाय पडला की दांडा उसळून तोंडावर बसतो, हे त्यांना पुस्तकाने नाही, अंगणाने शिकवलंय. ‘पडेल’ एवढ्यावर मी उत्तर घेत नाही. ‘कशावरून?’ विचारते. मग उठून यायचं, चित्रावर बोट ठेवायचं आणि सांगायचं. फिलिप येनावाईन आणि ॲबिगेल हाउसन यांनी चित्रं बघायला शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिच्यातही मधला प्रश्न हाच आहे: असं म्हणायला तुला चित्रात काय दिसलं? माझ्या मते अख्खं आकलन या एका प्रश्नात आहे. ‘शाब्बास’ आणि ‘चूक’ हे दोन्ही शब्द त्या तासापुरते खिशात ठेवले तरी चालतात.

एकदा वाद पेटला तो कोंबडीला माहीत आहे की नाही यावर. चौथीतला एक मुलगा ठाम: तिला सगळं माहीत आहे, ती नाटक करते, नाहीतर दर वेळी वाचली कशी? तिसरीतल्या दोघी म्हणाल्या, माहीत असतं तर पळाली नसती का? मग कोंबडीचं तोंड कुठे आहे, ती मागे वळून बघते का, पाय भरभर टाकते का, हे पानापानावर तपासणं सुरू झालं. कुठेच वळून बघत नाही. तरी चौथीतला हटेना; हुशार माणूस वळून बघतच नाही, म्हणाला. एवढ्यात पहिलीतली एक मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, गिरणीच्या पानावर पुढे सरकली. ‘टीचर, दोरी पळय. तिच्या पांयाक.’ (दोरी बघा, तिच्या पायाला.) गिरणीशी पिठाची पिशवी टांगलेली आहे, तिची दोरी कोंबडीच्या पायात अडकलीय, आणि ती पिशवी कोल्ह्यावर रिकामी होणार आहे. मोठ्यांपैकी कुणालाच ती दिसली नव्हती. मलाही त्या दिवशी चौथीतल्या नाटकवाल्याला गप्प बसलेलं बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण तो दोन मिनिटांत परत आला: ‘पायात मुद्दाम अडकवली असेल.’ हा वाद मी सोडवला नाही. सोडवायचा नसतोच.

लक्षात घ्या, पहिली ते चौथी एकाच खोलीत होती. गोव्यातल्या सरकारी मराठी शाळांत हे नवीन नाही. पट घटलाय, एकशिक्षकी शाळा कितीतरी, एका फळ्याचे चार भाग करून चार इयत्ता चालवायच्या. पाठ्यपुस्तक अशा खोलीत चार तुकडे करतं. चित्रपुस्तक सगळ्यांना एका सतरंजीवर बसवतं. पहिलीतली दोरी शोधते, तिसरीतली कारण सांगते, चौथीतला कोल्ह्याच्या बाजूने तीच गोष्ट वहीत लिहितो.

आता भाषेचं. माझ्या वर्गात पुस्तक मराठी असतं आणि चर्चा कोकणीत होते. अधूनमधून हिंदीत, कारण काही मुलांच्या घरी कन्नड किंवा हिंदी आहे. यावर काही मराठीप्रेमी मंडळी नाराज असतात: मराठी शाळेत मराठीच बोललं पाहिजे. मी स्वतः मराठीवर जेवते, मराठीत लिहिते, तरी इथे मला त्यांचं पटत नाही. सहा वर्षांच्या मुलाला ‘कोंबडीला माहीत नाही कारण…’ एवढं वाक्य परक्या वळणात जुळवायला लावलं, तर त्याची सगळी ताकद जुळवण्यात जाते आणि कारण राहून जातं. आधी त्याला त्याच्या बोलीत भांडू दे. मग तेच मी मराठीत परत म्हणते, तेही म्हणतं, आणि आठवड्याभरात ते शब्द त्याचे होतात. (गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, हा वाद कृपया कमेंटमध्ये काढू नका. तो 1987च्या राजभाषा कायद्याच्या आधीपासून चालू आहे आणि माझ्या पोस्टखाली मिटणार नाही.)

समजण्यासाठी आधीची माहिती किती लागते, हा एक वेगळाच विषय आहे. रेक्ट आणि लेस्ली यांच्या 1988च्या अभ्यासात वाचनात कच्ची पण बेसबॉल चांगलं कळणारी मुलं बेसबॉलचा उतारा जास्त समजली, आणि वाचनात पक्की पण खेळ न कळणारी मुलं मागे पडली. आमच्याकडे बेसबॉल कशाला हवं? ‘मानशीचं दार उघडलं आणि भरतीचं पाणी खाजनात शिरलं’ हे वाक्य तिसवाडी तालुक्यातल्या खाडीकाठच्या पोराला डोळ्यांसमोर दिसतं. (मानस म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा, खाजन म्हणजे बांधाआडची खाडीकाठची शेतजमीन.) डोंगराळ सत्तरी तालुक्यातलं पोर तेच वाक्य एकही चूक न करता वाचतं आणि त्याच्यासमोर काहीही उभं राहत नाही. त्याला माटोळीला, म्हणजे चतुर्थीत गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या चौकटीला, बांधायची रानफळं विचारा, मग बघा. राज्य एवढंसं, तालुका बदलला की ‘सोपा उतारा’ अवघड होतो. एक चित्र हे अंतर चटकन कमी करतं. रोझीच्या पुस्तकातल्या मधमाश्यांच्या पेट्या आमच्या मुलांना खोकी वाटल्या होत्या, कारण त्यांनी मोहोळ पाहिलं होतं ते झाडावरचं. तेवढं आधी सांगून टाकायचं. तिथे ‘ओळखा पाहू’ खेळण्यात अर्थ नाही.

एक आक्षेप मला खरोखर वजनाचा वाटतो. चित्र बघून मुलं शब्द ठोकून देतात, अक्षर वाचत नाहीत. चित्रात घोडा असला की ‘अश्व’ लिहिलेलं असतानाही ‘घोडा’ वाचतात. बरोबर आहे. म्हणून अक्षरवाचनाचा तास मी वेगळा ठेवते आणि त्यात चित्र अजिबात नसतं, फळा आणि शब्दपट्ट्या फक्त. चित्रपुस्तकाच्या तासाला मोठ्याने वाचणार मी, बघणार आणि बोलणार ती. दोन्ही कामं एका पुस्तकावर एकाच वेळी लादली की दोन्ही बिघडतात.

‘पोर्शन कधी संपवणार?’ या आक्षेपाला मी उत्तर देत बसत नाही. पाठ्यपुस्तकातही चित्रं असतात. धडा उघडल्यावर मजकुरावर हात ठेवून आधी त्यांच्यावर दहा मिनिटं घालवा, पोर्शनही होतो.

आणि तात्पर्य विचारू नका हो. गोष्ट संपली रे संपली की ‘यातून आपण काय शिकलो?’ मुलांना ठरलेली चार उत्तरं पाठ आहेत: खोटं बोलू नये, आळस करू नये, एकी हेच बळ, आईबाबांचं ऐकावं. रोझीच्या गोष्टीलाही त्यांनी ‘आईबाबांचं ऐकावं’ लावून दाखवलंय.

पुस्तकं कुठून आणायची, असं दर वेळी विचारलं जातं. माधुरी पुरंदरे यांची मराठी पुस्तकं आहेतच, चित्रं आणि मजकूर दोन्ही त्यांचे, आणि घर, शेजार, रुसवेफुगवे असं मुलांचं रोजचं जग. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं शाळेच्या तुटपुंज्या पैशातही बसतात. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे. बुकवर्म ही गोव्यातलीच संस्था 2005पासून मुलांच्या वाचनाचं काम करते आहे. त्यांच्याकडे मुलांना पुस्तक कसं वाचून दाखवतात हे एकदा बघून या. आणि प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर 2015पासून फुकट आहे. मराठी आहे, कोकणीही आहे, डाउनलोड करून छापायला परवानगी आहे.

छापणार असाल तर रंगीत छापा, निदान एक प्रत. मोबाइलवर पूर्ण वर्गाला दाखवायचा प्रयत्न करू नका, पुढची चार मुलं बघतात आणि मागची एकमेकांना चिमटे काढतात. काळीपांढरी झेरॉक्सही नको. बारीकसारीक सगळं करडं होऊन जातं आणि मुलं सरळ विचारतात, ‘टीचर, ह्यात बघायचं काय?’