हॉफमन, बिरसा आणि मुंडांची जमीन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

छोटानागपूरच्या, म्हणजे आजच्या झारखंडमधल्या, जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि चिडून लिहिलंत. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : कॉन्स्टंट लिव्हन्सने कोर्टकचेरीत मदत करायची आणि मोबदल्यात बाप्तिस्मा द्यायचा असा धंदा मांडला, बिरसा मुंडाच्या उलगुलानात, म्हणजे उठावात, हेच पाद्री सरकारच्या बाजूला उभे राहिले, आणि मुंडा आदिवासींनी रक्त सांडून मिळवलेल्या जमिनीच्या कायद्याचं श्रेय मी हॉफमन या पाद्र्याच्या पदरात टाकलं. शेवटी विचारता, ‘असल्या दलालांचं कौतुक कशाला?’

लिव्हन्सपासून सुरुवात करतो. हा बेल्जियन पाद्री १८८५ साली छोटानागपूरला आला आणि तोरप्याला पोलीस ठाण्याजवळ राहू लागला. त्याच्याकडे मुंडांची रीघ लागली ती बायबल ऐकायला नाही, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. लोक खटले घेऊन यायचे. पण खटले होते कसले? जंगल तोडून ज्या खुंटाने, म्हणजे ज्या कुळाने गाव वसवलं, त्या गावाची जमीन त्या कुळाची, ही मुंडांची खुंटकट्टी. बाहेरून आलेल्या जमीनदाराने आणि ठिकेदाराने, म्हणजे सारावसुलीचा मक्ता घेतलेल्याने, तिला सारा लावला, वर वेठबिगार लादली. सारा भरला तरी पावती मिळायची नाही. मग थकबाकीचा दावा व्हायचा आणि अनोळखी भाषेत चाललेल्या कोर्टात मुंडा हरायचा. लिव्हन्सने सांगितलं, जेवढा सारा कायदेशीर तेवढाच भरा, पावती घेतल्याशिवाय उठू नका, वेठीला जाऊ नका. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कोणी हे सांगितलं नव्हतं त्याने सांगणाऱ्याचा देव स्वीकारला, तर त्याला नुसतं फसलेला म्हणणं मला पटत नाही. आपला फायदा कशात आहे हे त्या माणसाला चांगलं कळत होतं. आजारी लिव्हन्स १८९२ साली परत गेला, पुढच्या वर्षी क्षयाने वारला, आणि पुष्कळ जण चर्च सोडून गेले, यातूनही तेच दिसतं.

दुसऱ्या आक्षेपावर तुमच्याशी वाद नाही. जर्मन पाद्री योहान हॉफमन तेव्हा सरवद्याच्या मिशनवर होता. १८९९च्या नाताळच्या आदल्या रात्री बिरसाच्या माणसांनी त्या मिशनवर बाण सोडले. बिरसा स्वतः चाईबासाच्या जर्मन लुथरन मिशनमध्ये शिकलेला, बाप्तिस्मा घेतलेला. ‘साहेब साहेब एक टोपी’, म्हणजे पाद्री आणि सरकारी साहेब एकच, हे त्याच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य त्याच अनुभवातून आलेलं आहे. सरदारांनी, म्हणजे जमिनीसाठी झगडणाऱ्या मुंडा पुढाऱ्यांनी, वर्षानुवर्षं अर्ज केले, पाद्र्यांवर भिस्त ठेवली, आणि वेळ आली तेव्हा पाद्री त्यांच्या लढ्यापासून बाजूला झाले. हॉफमनने तर बिरसाविषयी सरकारला सावध केलं. जानेवारी १९००मध्ये सैल रकाबच्या डोंगरावर बिरसाच्या माणसांवर गोळीबार झाला, त्यात बायकाही मेल्या. ९ जूनला बिरसा रांचीच्या तुरुंगात मरण पावला. हे सगळं हॉफमनच्या खात्यावरून पुसून टाकायचा माझा इरादा नव्हता आणि नाही.

मात्र त्यानंतरची आठ वर्षं तुम्ही एका वाक्यात उरकता, आणि माझं म्हणणं नेमकं तिथेच आहे.

उलगुलानाने सरकार घाबरलं, म्हणून १९०२पासून जमिनीची मोजणी सुरू झाली. बिरसाशिवाय ती झालीच नसती. पण मोजणीदार गावात आला की त्याला कागद हवा असतो. मुंडांकडे कागद नव्हता, ससनदिरी होत्या : गावाच्या कडेला मांडलेल्या प्रचंड सपाट शिळा, कित्येक तर बऱ्याच माणसांनी मिळून उचलाव्या लागणाऱ्या. खाली त्या कुळातल्या मेलेल्यांची हाडं. ज्याची हाडं तिथे, त्याचं गाव. हेच आमचे पट्टे, असं मुंडा सांगत. कलकत्त्याच्या सचिवालयाला हा पुरावा समजेल अशा भाषेत कोणी तरी उतरवून द्यायला हवा होता. अनेक वर्षं मुंडारी बोलणाऱ्या, १९०३ साली तिचं व्याकरण लिहिलेल्या हॉफमनने ते केलं. लिस्टर या अधिकाऱ्याबरोबर त्याने मुंडांच्या जमीनव्यवस्थेवर टिपण तयार केलं. १९०८च्या छोटानागपूर टेनन्सी कायद्यात मुंडारी खुंटकट्टीदारांचा स्वतंत्र विभाग आला, तशी जमीन विकण्यावर कडक बंधनं आली. मुंडांच्या लढ्याशिवाय हा कायदा नाही, आणि हॉफमनशिवाय त्यातली कलमं तशी नाहीत. दोन्ही वाक्यं मी एकाच ताकदीने लिहितो.

हॉफमनवर टीकाच करायची तर मी दुसरीकडे बोट ठेवीन. १९०९ साली त्याने सावकाराच्या पाशातून सोडवायला पतसंस्था काढली, ती कॅथलिकांची. व्याजाने मात्र कॅथलिक मुंडाही मरत होता आणि सरना हा आदिवासींचा मूळ धर्म मानणाराही. कायद्याने असा भेद केला नाही. खुंटकट्टीचं संरक्षण बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही तितकंच मिळालं. म्हणूनच ‘सगळं धर्मांतरासाठी’ हा तुमचा निष्कर्ष पतसंस्थेला थोडाफार लागू पडतो, कायद्याला लागू पडत नाही.

१९१५ साली, जर्मन म्हणून, याच ब्रिटिश सरकारने हॉफमनला देशाबाहेर काढलं. तिकडे बसूनही तो मुंडारी ज्ञानकोशाचं काम करत राहिला. १९२८ साली वारला, खंड नंतर छापून आले. सरकारचा दलाल म्हणण्याआधी हेही जमेला धरा. आणि २०१६ साली झारखंड सरकारने हा कायदा सैल करायला घेतला तेव्हा सरना आणि ख्रिस्ती आदिवासी एकत्र रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी राज्यपालांनी विधेयक परत पाठवलं.

सरदारांच्या अर्जांवर मी फार थोडं लिहिलं, ही तुमची तक्रार रास्त आहे. लिव्हन्स यायच्या कितीतरी आधीपासून ते लोक कलकत्त्याला खेटे घालत होते. त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहितो आहे. तो आला की याच तिखटपणे वाचा.