बाकाची पाठ आधी बघा

तुम्हाला आपल्या नागपुरात, वॉर्डात बाकं बसवायचं काम मिळालं म्हणे. अभिनंदन! कागदावर त्याला 'स्ट्रीट फर्निचर' लिहा, फाइल भारी दिसते.

आता कामाचं ऐका. बाकाचा मुख्य भाग म्हणजे पाठ, कारण 'नगरसेवक अमुक यांच्या निधीतून' हे तिथं लिहायचं असतं. अक्षर एवढं टपोरं हवं की शंकरनगर चौकात सिग्नलला थांबलेल्या गाडीवाल्यालाही वाचता यावं. नगरसेवकांची मुदत 2022च्या मार्चमध्ये संपली, त्यानंतर बसायच्या पट्ट्याही एकेक करून गेल्या. आमच्या गल्लीतल्या बाकाला आता बूड टेकायला जागा नाही, नाव मात्र ठणठणीत आहे.

माल स्टीलचाच घ्या. लाकूड फार तापत नाही, म्हणून लोक बसतात आणि बसले की ते झिजतं. नागपुरात स्टील आपली राखण आपणच करतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, दुपारी तीनला बसथांब्यावर एक आजी आल्या. त्यांनी बाकाला बोट लावून पाहिलं, पिशवीतला पेपर अंथरला, त्यावर दुपट्ट्याची चौपदरी घडी ठेवली नि बसल्या. अर्ध्या मिनिटात उठल्या. "बाक हाये का तवा हाये बाप्पा!" थांब्याला छत होतं, पण त्याची सावली मागच्या नालीवर पडत होती. नाली थंडगार.

फूटपाथवर 1.8 मीटर वाट मोकळी ठेवा, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते. नीट वाचा. एवढी मोकळी जागा कुठं दिसली, की बाक, डबा, विजेची डीपी नि पाटीचा खांब तिथंच उभा करायचा. दृष्टिहीनांसाठी पिवळ्या उठावाच्या टाइल्स घातल्या असतील, तर खांब बरोब्बर त्यांच्यावर घ्या. टाइल्स संपल्याचं आपोआप कळतं.

कचऱ्याचे लटकते जुळे डबे घ्याल, तर तळ लवकर सडेल असेच घ्या. बिनतळाचा डबा कधी भरत नाही. 'डबा ओसंडतोय' अशी तक्रारच येत नाही.

राहिली देखभाल. 1953च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्याकडे भरतं, बहुधा डिसेंबरात. त्याच्या आदल्या आठवड्यात जे होते ती देखभाल. त्यातही सिव्हिल लाइन्स आधी, विधानभवन तिथं आहे. जुन्या शहरातल्या महाल-इतवारीला घाई नाही, अधिवेशनाची वाट तिकडून जात नाही. गंज खरवडत बसू नका, वरून रंग मारा. मागच्या खेपेला आमच्या चौकातल्या बाकावर कुणीतरी ठेवलेली खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी होती, पोरांनी तिच्यासकट रंगवलं. पुडी अजून तिथंच आहे, हिरवीगार, रबरबँडसकट. रंग ओला म्हणून 'येथे बसू नये' अशी पाटी बांधली होती.

तीही आहे.