‘तीन दिवसांत डायपर सोडवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पंधरा दिवसांपूर्वी इथे वडोदऱ्यात मांजलपूरला भाचीकडे गेले, तर तिचा सव्वादोन वर्षांचा मुलगा पडद्याआड पाय आवळून, चवड्यांवर उभा, तोंड लालबुंद. चार दिवस शी नाही. "मावशी, हट्टाला पेटलाय नुसता," म्हणत भाचीने मोबाइल पुढे केला. घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता: डायपर दीड वर्षाच्या आत सुटलाच पाहिजे. शी होईपर्यंत पॉटीवरून उठू द्यायचं नाही. चड्डीत झाली तर सगळ्यांसमोर लाज काढायची. संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद. आणि शेवटी, आपल्या आज्यांनी वर्षाच्या आत मुलं तयार केली. मला हाच मेसेज दांडिया बाजारातल्या दोन घरांतूनही आलाय, म्हणून आता लिहितेच.

आधी ते ‘उठू द्यायचं नाही’. अर्धा अर्धा तास दाबून बसवलेलं पोर शी करायला शिकत नाही, शी धरून ठेवायला शिकतं. पडद्याआड तो कुंथत नव्हता, शी आत ओढून धरत होता. घरातल्या सगळ्यांना ते उलटं वाटत होतं. धरलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, तिचा खडा होतो. तो बाहेर पडताना दुखतं, क्वचित रक्तही येतं, आणि पुढच्या वेळी पोर आणखी घट्ट धरतं. हे महिनोन्महिने चाललं की मलाशय ताणून सैल होतं आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग खड्याच्या बाजूने पातळ शी पाझरून चड्डी खराब होते. घरचे म्हणतात जुलाब झाले, नाहीतर मुद्दाम करतो. भरलेलं मलाशय मूत्राशयावरही दाब देतं, म्हणून शूसुद्धा सुटते. आणि नेमक्या याच मुलाची लाज काढायची? त्याच्या हातात काहीच नसताना?

मेसेजखाली कुणीतरी साबणाची वडी सरकवायचा सल्ला दिला होता. अजिबात करू नका, आतली नाजूक त्वचा साबणाने पोळते.

दीड वर्षाच्या मुदतीचं म्हणाल, तर ती आली कुठून? टी. बेरी ब्राझेल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली १,१७० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. मूल तयार दिसल्यावर, जबरदस्ती न करता शिकवलेली ही मुलं दिवसा कोरडी राहायला लागली ती सरासरी २८.५ महिन्यांची असताना. सरासरी म्हणजे कितीतरी मुलं त्यानंतरच. ती मुलं अमेरिकेतली होती, मान्य. पण चालत जाणं, चड्डी खाली करणं, ‘आली’ म्हणून सांगणं, थोडा वेळ थांबणं, हे सगळं जमल्याशिवाय वडोदऱ्यातलं मूल तरी एकट्याने कसं जाणार? भाचीचा मुलगा सव्वादोन वर्षांचा, म्हणजे २७ महिन्यांचा. तो कुठेही मागे पडलेला नाही.

पाणी बंद करणं तर मे महिन्यात, चाळिशीपार उन्हाळ्यात, निव्वळ अघोरी आहे. पाणी कमी पडलं की शी आणखी कडक होते. रात्री कोरडं राहणं ही वेगळी गोष्ट आहे, पाच वर्षांपर्यंत गादी ओली होण्याला डॉक्टर आजार म्हणत नाहीत.

राहिल्या आज्या. इथे मेसेजात थोडं खरं आहे, ते नाकारत नाही. रावपुऱ्यातल्या वाड्यात माझी आजी मोरीत पाय पसरून बाळाला पायांवर बसवायची, ‘शूऽऽ’ करायची, आणि व्हायची. झोपून उठल्यावर, दूध प्यायल्यावर वेळ होते हे तिला ठाऊक असायचं. पण तयार झाली होती ती आजी, बाळ नव्हे. तीच मुलं स्वतःहून मोरीकडे पळायला लागली ती पुढे, अडीचेक वर्षांची झाल्यावर. लंगोट ओला झाल्याचं बाळाला कळतं, डायपरमध्ये तेवढं कळत नाही, हेही खरं. म्हणून दिवसा घरी चड्डी घाला, जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, पायांखाली पाट द्या. पोट भरलं की आतडं हलतं, ती वेळ चांगली. नाही झाली तर उठू द्या. आजीने कधी कुणाला रागावून बसवल्याचं मला आठवत नाही.

भाचीने मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी शी मऊ करणारं औषध दिलं आणि पॉटी काही आठवडे बाजूला ठेवायला सांगितली. परवा तिचा फोन आला: डायपरमध्येच झाली, पण मऊ झाली, आणि तो रडला नाही. पॉटी गॅलरीत आहे, त्यात तो गाड्या ठेवतो.